क्लब कोणाचा? एफसी पुणे सिटीची पाच वर्षे (२०१४–२०१९)

प्रस्तावना

क्रीडा-इतिहास म्हटला की बहुधा विजेत्यांची यादी आणि मोठ्या खेळाडूंची चरित्रे आपल्यासमोर येतात. बंद पडलेल्या संघांचा इतिहास फारसा लिहिला जात नाही. पण एखादी क्रीडासंस्था कशी जन्मते, कोणाच्या पैशावर चालते आणि का संपते, हे पाहिले तर त्या काळातील शहर, उद्योग आणि प्रेक्षक यांचे संबंध उलगडतात. या टिपणात आपण पुण्याच्या एफसी पुणे सिटी या व्यावसायिक फुटबॉल क्लबचा अभ्यास करणार आहोत. २०१४ मध्ये स्थापन झालेला हा क्लब २०१९ मध्ये बंद झाला आणि साखळीतील त्याची जागा हैदराबादला गेली. तेथे त्या जागेवर उभा राहिलेला संघ तीन वर्षांत देशाचा विजेता झाला, आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली.

या प्रवासातून एक प्रश्न उभा राहतो. संघ एका शहरातून दुसऱ्या शहरात गेला असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय जाते आणि काय मागे राहते?

पार्श्वभूमी : कंपन्यांचे संघ

मुंबई प्रांतात फुटबॉलची परंपरा जुनी आहे. १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक होती. स्वातंत्र्यानंतर मुंबईचे बरेच नामवंत संघ कंपन्यांचे होते. टाटा, मफतलाल, कॅल्टेक्स, महिंद्रा, एअर इंडिया ही त्यांतली काही नावे. या संघांतील अनेक खेळाडू कंपनीत नोकरी करीत आणि कंपनीसाठी खेळत. खेळणे थांबले तरी नोकरी राहत असे. भिलाई किंवा जमशेदपूरसारख्या पोलाद-नगरांतल्या विद्यार्थ्यांना 'कंपनीचा संघ' ही कल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाल्यावर हे चित्र बदलले. खेळाडू पूर्णवेळ करारावर आले आणि संघ चालवण्याचा खर्च वाढला. महिंद्रा युनायटेडने २०१० मध्ये आपला संघ बंद केला, पंजाबातील जेसीटीने २०११ मध्ये. दोन्ही संघ राष्ट्रीय पातळीवर विजेते ठरलेले होते. म्हणजे चांगला खेळ हा क्लब टिकण्याची हमी देत नाही, हे एफसी पुणे सिटीच्या जन्माआधीच स्पष्ट झाले होते.

पुण्यात याच काळात उलट प्रवाह दिसत होता. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफसीची स्थापना केली. हा संघ २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात तिसरा राहिला. २०१२-१३ मध्ये त्याने उपविजेतेपद मिळवले आणि २०१४ मध्ये एएफसी चषकात आशियातील संघांशी सामने खेळले. त्याची युवा अकादमी देशातील चांगल्या अकादमींत गणली जात असे.

२०१४ च्या अखेरीस कल्याणी समूहाने भारत एफसी हा दुसरा क्लब पुण्यात उभा केला. त्याला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. २०१५ मध्ये झालेल्या हंगामात तो शेवटच्या क्रमांकावर राहिला, पण थेट प्रवेश मिळालेल्या नव्या संघाला सुरुवातीला खालच्या श्रेणीत घसरण्यापासून सूट होती. त्यामुळे त्याच्या वरच्या क्रमांकावर असलेला गोव्याचा डेम्पो, म्हणजे पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला क्लब, खाली घसरला. भारत एफसीने त्याच वर्षी काम थांबवले. एका वर्षाच्या क्लबला वाचवण्यासाठी केलेल्या नियमाची किंमत एका जुन्या क्लबने मोजली आणि वाचलेला क्लबही राहिला नाही. पुणे एफसीचा वरिष्ठ संघही २०१५ मध्येच बंद झाला. त्यानंतर डीएसके शिवाजियन्स हा बांधकाम व्यवसायातील समूहाचा संघ आय-लीगमध्ये आला आणि दोन हंगामांनंतर, २०१७ मध्ये, बाहेर पडला.

नवी साखळी आणि 'फ्रँचायझी'ची कल्पना

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सबरोबर १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क त्या कंपनीकडे गेले. याच कराराच्या आधारावर पुढे इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, उभी राहिली. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्यात पहिला सामना झाला. आठ संघांपैकी पुण्याचा एक होता.

येथे 'क्लब' आणि 'फ्रँचायझी' यांतील फरक नीट लक्षात घ्यावा लागतो. युरोपातील पारंपरिक क्लब एखाद्या वस्तीत, गिरणीत किंवा चर्चच्या परिसरात सुरू झाले, सर्वांत खालच्या श्रेणीपासून खेळत वर गेले आणि हरले तर पुन्हा खाली आले. साखळीतील त्यांची जागा खेळून मिळवलेली असते. फ्रँचायझी पद्धत मुख्यतः अमेरिकेतली. तेथे साखळी स्वतः ठरावीक जागा निर्माण करते, त्या शहरांच्या नावाने विकते, आणि जागा घेणाऱ्याला कितीही हरले तरी खाली जावे लागत नाही. ही जागा विकता येते आणि साखळीने मान्यता दिल्यास दुसऱ्या शहरातही नेता येते. ब्रुकलिनचा डॉजर्स हा बेसबॉल संघ १९५७ च्या हंगामानंतर लॉस एंजेलिसला गेला, हे याचे प्रसिद्ध उदाहरण. आयएसएल सुरू झाली ती याच पद्धतीवर.

पुण्याची फ्रँचायझी वाधवान समूहाने घेतली. गृहकर्जे देणाऱ्या डीएचएफएल या कंपनीचे प्रवर्तक तेच होते. पुढे चित्रपट अभिनेते हृतिक रोशन आणि नंतर अर्जुन कपूर सहमालक म्हणून क्लबशी जोडले गेले. इटलीतील फियोरेंटिना क्लबशी भागीदारी झाली. घरचे मैदान होते म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी राज्य सरकारने उभारलेले हे संकुल शहराच्या पश्चिम कडेला, महामार्गालगत आहे. पुणे एफसी आणि भारत एफसी याच मैदानावर खेळत असत.

मैदानावरची पाच वर्षे

सुरुवातीची तीन वर्षे आयएसएल ही काही आठवड्यांची स्पर्धा होती, आणि तिचा भर निवृत्तीला आलेल्या जागतिक तारकांवर होता. पुण्याने २०१४ मध्ये फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातील डेव्हिड ट्रेझेगे याला आणले, २०१५ मध्ये रुमानियाच्या एड्रियन मुटूला. प्रशिक्षक म्हणून पहिल्या वर्षी फ्रँको कोलोंबा, दुसऱ्या वर्षी इंग्लंडचे माजी खेळाडू डेव्हिड प्लॅट आणि तिसऱ्या वर्षी अँटोनियो हबास आले. हबास यांनी २०१४ मध्ये कोलकात्याला विजेतेपद मिळवून दिले होते. पुण्याचा क्रमांक मात्र अनुक्रमे सहावा, सातवा आणि सहावा राहिला.

२०१७-१८ मध्ये साखळी दहा संघांची आणि सुमारे चार महिन्यांची झाली. या हंगामात प्रशिक्षक रँको पोपोविच यांच्या हाताखाली पुण्याने चौथा क्रमांक मिळवला आणि प्रथमच उपांत्य फेरी गाठली. ब्राझीलचा मार्सेलिन्हो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो ही आघाडीची जोडी प्रेक्षकांच्या आवडीची झाली होती. ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीत बंगळुरूविरुद्धचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. ११ मार्चला बंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि पुणे १–३ असे हरले. क्लबच्या वरिष्ठ संघाची सर्वांत मोठी मजल एवढीच.

पुढच्या हंगामात संघ पुन्हा सातव्या क्रमांकावर आला. त्या एका हंगामात मिगेल आंजेल पोर्तुगाल, हंगामी म्हणून प्रद्युम्न रेड्डी आणि शेवटी फिल ब्राउन असे तीन प्रशिक्षक झाले. पाच हंगामांत मिळून सात.

वरिष्ठ संघाच्या निकालांपलीकडेही या क्लबचे काम होते. पुणे एफसीची अकादमी त्याने पुढे आपल्याकडे घेतली. राखीव संघ द्वितीय श्रेणीत खेळला. २०१७ मध्ये महिलांची पहिली इंडियन विमेन्स लीग झाली, तेव्हा तिच्यात उतरलेला आयएसएलमधील एकमेव क्लब एफसी पुणे सिटी हाच होता. केशरी रंगावरून 'ऑरेंज आर्मी' हे नाव घेतलेला चाहत्यांचा गटही तयार झाला होता. ज्या शहरात २०१५ मध्ये दोन क्लब बंद पडले, त्या शहरातल्या चाहत्यांनी तिसऱ्या क्लबला जीव लावला, ही नोंद महत्त्वाची आहे.

२०१९ : जागा हलते

सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेला देणी चुकवता आली नाहीत आणि देशातील बिगर-बँक वित्त कंपन्यांना पैसा उभा करणे अवघड झाले. याचा फटका बसलेल्या मोठ्या कंपन्यांत डीएचएफएल होती. जून २०१९ मध्ये तिने रोख्यांवरील देणी थकवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि पुढे कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

एफसी पुणे सिटीचा शेवट याच महिन्यांत झाला. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस जाहीर झाले की पुण्याचा संघ पुढील हंगामात नसेल आणि त्याच्या जागी विजय मद्दुरी व वरुण त्रिपुरनेनी यांच्या मालकीचा हैदराबाद एफसी खेळेल. हंगाम २० ऑक्टोबरला सुरू होणार होता. प्रशिक्षक फिल ब्राउन हैदराबादला गेले. मार्सेलिन्हो, आदिल खान, निखिल पुजारी असे काही खेळाडूही गेले. नाव, रंग, बोधचिन्ह आणि पाच वर्षांचे निकाल मात्र गेले नाहीत. हैदराबादचा इतिहास २०१९ पासूनच मोजला जातो.

काळाचा योगायोगही पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने भारतीय फुटबॉलच्या नव्या आराखड्याला मान्यता दिली आणि आयएसएल ही देशाची अधिकृत सर्वोच्च साखळी ठरली. पुण्याची जागा सर्वोच्च श्रेणीतील जागा झाली, तेव्हा ती पुण्याची उरली नव्हती.

हैदराबाद आणि त्यानंतर दिल्ली

हैदराबाद हे फुटबॉलसाठी नवखे शहर नव्हते. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखालीच भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला. नंतर अनेक वर्षे या शहराला मोठ्या साखळीत स्थान नव्हते. पुण्याचे नुकसान हे दुसऱ्या बाजूने हैदराबादचे पुनरागमन होते, हे विसरून चालणार नाही.

सुरुवात वाईट झाली. २५ ऑक्टोबर २०१९ रोजी कोलकात्यात हैदराबाद ०–५ असे हरले आणि हंगामाच्या शेवटी दहा गुणांसह तळाला राहिले. २०२० मध्ये मानोलो मार्केझ प्रशिक्षक म्हणून आले. कोविडमुळे पुढील दोन हंगाम गोव्यातच खेळवले गेले. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामन्यात हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला १–१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले. बरोबरीचा गोल साहिल ताव्होराने केला आणि शूटआउटमध्ये गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडवले. दोघेही गोव्याचे. विजेत्या चमूत कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता.

पण पाया तोच होता. २०२३-२४ मध्ये आर्थिक अडचणी आल्या, खेळाडूंचे पगार थकले, अनेक जण हंगाम अर्ध्यावर सोडून गेले आणि संघ एका विजयासह शेवटचा आला. २०२४ मध्ये बी. सी. जिंदाल समूहाने मालकी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संघ दिल्लीला हलवून त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली ठेवले. साखळीतील एकाच जागेने अकरा वर्षांत तीन शहरे पाहिली. दिल्लीची गोष्टही तशीच गुंतलेली आहे. तिचा स्वतःचा दिल्ली डायनामोज हा क्लब २०१९ च्या त्याच ऑगस्टमध्ये भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता.

तीन तुलना

पहिली तुलना ओडिशाशी. तेथे मालक तेच राहिले आणि राज्य सरकारच्या पाठिंब्याने कलिंग स्टेडियम हे घर मिळाले. २०२३ मध्ये त्या संघाने सुपर कप जिंकला. पुण्याच्या बाबतीत मालकही बदलले आणि शहरही. दोन्हींत समान गोष्ट एकच : ज्या शहरातून संघ गेला, तेथील प्रेक्षकांच्या संमतीची गरज कोणत्याही नियमात नव्हती.

दुसरी तुलना इंग्लंडच्या विम्बल्डनशी. मे २००२ मध्ये या लंडनच्या क्लबला मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी मिळाली. त्याच उन्हाळ्यात चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला आणि अगदी खालच्या श्रेणीतून सुरुवात करून २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळवला. हलवलेल्या क्लबने २००७ मध्ये जुन्या विजयांवरचा हक्क सोडला आणि चषक मूळ परिसराकडे परत गेले. तेथे चाहत्यांना नव्याने सुरुवात करता आली, कारण तळापासून वरपर्यंत चढत जाणारी श्रेणींची शिडी अस्तित्वात होती. २०१९ मध्ये आयएसएलकडे जाणारी अशी वाट बंद होती. आय-लीगच्या विजेत्याला बढती मिळून पंजाब एफसी आयएसएलमध्ये आला तो २०२३ मध्ये.

तिसरी तुलना महाराष्ट्रातलीच. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब असे संघ पेठांच्या आणि तालमींच्या नावाने खेळतात. त्यांच्याकडे मोठे भांडवल नाही आणि राष्ट्रीय साखळीत जागाही नाही. पण शाहू स्टेडियमवरच्या त्यांच्या सामन्यांना पिढ्यान्‌पिढ्या गर्दी होते. पाटाकडील तालीम दुसऱ्या शहराला विकावी, ही कल्पनाच तेथे कोणाला समजणार नाही. अर्थात या संघांची मर्यादाही उघड आहे. पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू होऊ इच्छिणाऱ्या मुलाला शेवटी कोल्हापूर सोडावेच लागते, आणि अनिकेत जाधवचा मार्ग तोच होता.

कारणमीमांसा

एफसी पुणे सिटी मालकांच्या आर्थिक संकटामुळे बुडाला, हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. २०१५ ते २०१९ या काळात पुण्यातून चार क्लब गेले आणि चारांचे मालक वेगळे होते. त्यांतले तीन निघून गेले तेव्हा वाधवान समूहावरचे संकट सुरूही झाले नव्हते. चार वेगवेगळ्या मालकांचा शेवट सारखाच होत असेल, तर कारण रचनेत शोधावे लागते.

पहिले कारण उत्पन्नाचे. तिकिटे आणि प्रायोजक यांतून खर्च भागत नसल्याने दरवर्षीची तूट मालक भरत होता. त्यामुळे क्लबचे भवितव्य मालकाच्या मूळ धंद्याशी बांधले गेले. घरबांधणी किंवा वित्त क्षेत्रातील मंदीचा चेंडूशी संबंध नाही, पण फटका चेंडूलाच बसला.

दुसरे कारण मुळांचे. मैदान सरकारी होते. क्लबला मतदानाचा हक्क असलेले सभासद नव्हते. २०१४-१५ मध्ये तर तीन क्लब एकाच शहरातील प्रेक्षक आपापसांत वाटून घेत होते. याउलट २०१७ मध्ये आलेल्या जमशेदपूर एफसीचा मालक, मैदान आणि शहर ही तिन्ही टाटा स्टीलच्या एका शतकाच्या इतिहासाने जोडलेली आहेत. तो क्लबही कंपनीचाच आहे, पण कंपनी शहर सोडून जाणार नाही.

तिसरे कारण नियमांचे. साखळीने सर्वांत काळजीपूर्वक जपले ते संघांच्या संख्येला. एक मालक गेला तर दुसरा शोधायचा, मग शहर कोणतेही असो. साखळीच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, कारण संघ कमी झाला की वेळापत्रक आणि प्रक्षेपणाचे करार अडचणीत येतात. शिवाय जागा हस्तांतरित झाल्यामुळे काही खेळाडूंच्या नोकऱ्या वाचल्या, हेही खरे. पण या व्यवहारात अकादमीतील मुले, महिला संघ आणि चाहते यांच्यासाठी रकाना नव्हता. वरिष्ठ खेळाडूला दुसऱ्या शहरात करार मिळतो. पंधरा वर्षांच्या मुलाला अकादमी बंद झाल्यावर दुसरी सहज मिळत नाही.

समारोप

पुण्यातून हैदराबादला गेला तो साखळीत खेळण्याचा हक्क. बालेवाडीतले सामने, ऑरेंज आर्मी, पहिल्या महिला लीगमधला सहभाग आणि उपांत्य फेरीची ती गोलशून्य रात्र हे सारे पुण्यातच राहिले आणि कोणाच्याच मालकीचे उरले नाही. देशाच्या सर्वोच्च साखळीत पुण्याला त्यानंतर संघ मिळालेला नाही.

२०१० चा तो १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. पुढची व्यवस्था ठरली नसल्याने २०२५-२६ चा आयएसएल हंगाम नेहमीच्या वेळी सुरूही होऊ शकला नाही. पुण्यात एका क्लबच्या पातळीवर दिसलेला प्रश्न आता संपूर्ण साखळीसमोर उभा राहिला. एका मालकाच्या मर्जीवर उभा असलेला क्लब आणि एका करारावर उभी असलेली साखळी, दोन्हींची कमजोरी एकाच प्रकारची आहे. भारतीय फुटबॉलची नवी घडी बसवताना पुण्याचा हा छोटा इतिहास म्हणूनच वाचण्यासारखा आहे.

विचारासाठी प्रश्न

१. क्लब आणि फ्रँचायझी यांतील फरक एफसी पुणे सिटीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. भारत एफसी आणि डेम्पो यांच्या बाबतीत २०१५ मध्ये जे घडले, त्यातून साखळीच्या नियमांविषयी कोणता निष्कर्ष काढता येईल?

३. हैदराबादच्या २०२२ च्या विजेतेपदात पुण्याचा वाटा मानावा का? दोन्ही बाजू मांडा.

४. आपल्या गावातील किंवा शहरातील एखाद्या बंद पडलेल्या क्रीडासंघाची माहिती वृत्तपत्रे, जुनी छायाचित्रे आणि खेळाडूंच्या मुलाखती यांच्या आधारे गोळा करा. तो संघ कोणाच्या पैशावर चालत होता आणि तो बंद झाल्यावर कोणाचे नुकसान झाले, हे नोंदवा.